पुरानंतर पोरं दचकतात, गप्प होतात, अंथरूण ओलं करतात: घरी नक्की काय करायचं

जून तोंडावर आला की माझ्या व्हॉट्सॅपवर दर वर्षी त्याच टाइपचे मेसेज सुरू होतात. कोणाची मुलगी ढग दाटले की जेवत नाही, कोणाचा मुलगा अजून आईचा पदर सोडत नाही, कोणी म्हणतं सर आता पाचवीत गेला तरी लाइट लावूनच झोपतो. (मला सर नका म्हणू हो, मी बाई आहे, पण नंबर फॉरवर्ड होत होत जातो त्यामुळे कळत नाही लोकांना.) दर वेळी तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. चिपळूणला प्राथमिकला शिकवते, पुरानंतर शिक्षकांच्या एका ट्रेनिंगला बसले होते, आणि त्याहून जास्त म्हणजे घरातच एक पोरगं होतं ज्याच्यामुळे हे सगळं शिकावं लागलं.

ते पोरगं म्हणजे ताईचा मुलगा, इथे बंड्या म्हणते. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी आत आलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. ताईने त्याला झोपेतून उचललं आणि शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं, तिथे एकाच खोलीत पंधरा-सोळा माणसं, लाइट नाही, नेटवर्क नाही, बाहेर बघावं तर आपल्याच घराचं छप्पर. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, घरात गुडघाभर चिखल, आणि दोघं माझ्याकडे राहायला आली, आमचं घर जरा वरच्या अंगाला आहे. पहिले दोन-तीन दिवस बंड्या अगदी नॉर्मल. खेळला, खाल्लं, हसला पण. आम्ही म्हटलं चला, लहान आहे, विसरला.

मग एके दिवशी सकाळी बघते तर फ्रिजवर चपला. त्याच्या, ताईच्या, माझ्या, सगळ्यांच्या, ओळीने मांडलेल्या. मी ओरडले अर्थातच, खाली ठेवल्या, दुसऱ्या दिवशी परत वर. रात्री आम्ही झोपलो की हा उठून स्टूल घेऊन एकेक चप्पल वर ठेवायचा. पुरात पहिल्यांदा काय वाहून गेलं असेल तर दारातल्या चपला, त्याने ते बघितलं होतं. आणि दिवसातून वीस वेळा विचारायचं, मावशी नळ बंद केला ना? ते नळाचं प्रकरण पुढे सांगते, ते कळायला मला तीन आठवडे लागले आणि त्याची अजून लाज वाटते.

तर पहिली गोष्ट ही की लगेच काही दिसलं नाही म्हणजे काही झालं नाही असं नसतं. आणि उलटं पण, पहिल्या आठवड्यात दचकणं, चिकटून राहणं, चिडचिड, पोटात दुखणं, अंगठा चोखणं परत सुरू होणं हे दिसलं म्हणजे पोरगं वेडं झालं असंही नाही. पूर येणार असला की नगरपालिकेचा भोंगा वाजतो ना, तसा एक भोंगा मेंदूत पण असतो, धोका दिसला की वाजायला. एवढं मोठं काही बघितल्यावर तो अडकतो, पाणी उतरलं तरी वाजतच राहतो, साध्या बादलीच्या आवाजाला पण वाजतो. बहुतेक पोरांचा काही आठवड्यांत आपोआप शांत होतो, पण अट एकच, आजूबाजूची माणसं शांत आणि दिवस ठरल्यासारखा चालू पाहिजे. आता खाली जे सांगतेय ते सगळं त्याच्याचसाठी आहे.

पहिले काही दिवस

जागतिक आरोग्य संघटनेचं संकटात मानसिक प्रथमोपचार कसा करायचा याचं एक छोटं पुस्तक आहे, २०११ चं, त्यातलं सगळं तीन शब्दांत येतं: बघा, ऐका, जोडून द्या. म्हणजे आधी बघा पोराला लागलंय का, भूक आहे का, ओले कपडे आहेत का, ओळखीचं माणूस जवळ आहे का. मग बोलला तर ऐका. आणि ज्याची गरज आहे त्याच्याशी गाठ घालून द्या, आई असेल, आजी असेल, डॉक्टर असेल. बस. यात कुठेही "त्याला बोलतं करा" असं लिहिलेलं नाही, आणि लोक नेमकं तेच करतात.

आमच्याकडे पूर ओसरल्यावर एक ग्रुप आला होता मदतीला, मनाने चांगली माणसं होती, पण मुलांना ओळीने बसवून कागद दिले आणि म्हणाले पूर काढा. एक मुलगी काढता काढता थरथरायला लागली तर तिचा फोटो काढला. अरे काय. त्या दिवशी घरी जाऊन ती मुलगी जेवली नाही. एकदा बसवून सगळं ओकून घेतलं की मन मोकळं होतं हा समज चुकीचा आहे, अशा एका बैठकीच्या जबरदस्तीच्या बोलण्याने फायदा होत नाही, कधीकधी त्रास वाढतो. पोरगं स्वतःहून बोलतं ते भलत्याच वेळी. बंड्या बोलायचा ते मी भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता. तुम्ही हातातलं काम सोडू नका, मान वर करून "हां बोल बोल" पण करू नका. हं म्हणा, शेंगा सोलत राहा. जमलं तर त्याचंच वाक्य परत म्हणा, "आवाज खूप मोठा होता होय". एवढंच.

येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना पण आवरा. प्रत्येक जण पोराला जवळ घेऊन विचारतो, "काय रे, घाबरलास का, पाणी किती होतं सांग", आणि मोठी माणसं पोरासमोर तीच गोष्ट दहा वेळा रंगवून सांगतात. टीव्ही आणि मोबाइल तर विचारूच नका. आमच्याकडे एक एक्स्ट्रा प्रॉब्लेम म्हणजे मगरी, आमच्या वाशिष्ठी नदीत आहेतच, पावसात कधी रस्त्यावर येतात आणि त्याचे व्हिडिओ फिरतात, आणि मोठ्यांना ते गंमत म्हणून बघायचे असतात. लहान पोराला तो व्हिडिओ जुना की आत्ताचा, कुठला, काही कळत नाही, त्याच्यासाठी मगर आत्ता दारात. फोन बाजूला ठेवा.

दिवस परत लावून द्या

मला कोणी विचारलं की यातलं एकच काहीतरी करायचं असेल तर काय, तर मी हेच सांगेन. पुराने सामान जातं ते दिसतं, पण पोराचा दिवस पण वाहून जातो ते कोणाला दिसत नाही. सकाळी कुठल्या कपातून दूध, कुठल्या खिडकीत बसायचं, संध्याकाळी दिवा कधी, शुभंकरोती कधी, कार्टून कधी, आईच्या कुठल्या बाजूला झोपायचं. त्यात २०२१ ला कोरोना, शाळा बंदच, ऑनलाइन क्लास होते ते ताईचा मोबाइल भिजला तिथेच संपले. म्हणजे त्या पोराला सकाळी उठून करायला काहीच नव्हतं, दिवसभर मोठी माणसं चिखल काढतायत, पंचनाम्याच्या मागे फिरतायत आणि तो एका कोपऱ्यात.

आम्ही काय केलं सांगते, फार काही हायफाय नाही. एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याच्याकडूनच दिवस लिहून घेतला. सात वाजता दूध, आठला आंघोळ, नऊ ते दहा अभ्यास माझ्याकडे, मग घराच्या साफसफाईला ताईबरोबर एक तास, त्याचं काम ठरलेलं, चमचे धुवायचे. हो, पोराला काम द्या. आपल्याला वाटतं बिचारा, बसू दे. पण ज्या पोराला त्या रात्री काहीच करता आलं नाही त्याला आता हाताने काहीतरी करता येणं ही फार मोठी गोष्ट असते, बंड्याने दोन दिवसांत चिखलातून सदतीस चमचे काढले आणि येईल त्याला आकडा सांगायचा. संध्याकाळी दिवा लावणं त्याच्याकडे. झोपायच्या आधी रोज एकच गोष्ट, तीच तीच, त्याला पाठ होती तरी. तीच पाहिजे असते पोरांना, पुढे काय होणार हे माहीत असलेली.

वेळ अर्धा तास इकडेतिकडे झाली तर आकाश कोसळत नाही. पण नातेवाइकांकडे आठ दिवस इथे, आठ दिवस तिथे असं पोराला फिरवू नका, शक्यतो आईबाबांपासून लांब तर अजिबात पाठवू नका. "तिकडे मामाकडे राहील, आमचं इथे आवरेपर्यंत" हे आपल्या सोयीचं असतं. पोराच्या डोक्यात एकच, मी नसताना परत पाणी आलं तर आईचं काय होईल.

काय बोलायचं, काय नाही

"विसरून जा" बोलू नका. विसरता येत असतं तर आपण नसतो का विसरलो. "मुलगा असून रडतोस" पण नाही, आणि "त्या अमक्यांचं बघ, त्यांचं तर सगळंच गेलं" हे तर बिलकूल नाही.

"आता परत पाणी येणार नाही" असं वचन देऊ नका. चिपळूणला २६ जुलै २००५ ला आलं, २०२१ ला आलं, परत येणारच नाही हे तुम्ही कोणाच्या जिवावर सांगताय? एकदा तुमचं खोटं निघालं की पोरगं पुढचं काहीच ऐकत नाही. त्याऐवजी जे खरं आहे ते सांगा: "पाणी परत येऊ शकतं, पण आता आपल्याला आधी कळेल, आणि आपण आधीच वर जाऊ, आणि मी तुझ्याबरोबर असेन." पोरं खऱ्याला घाबरत नाहीत तेवढी, मोठ्यांच्या चेहऱ्यावर एक आणि तोंडात दुसरं असलं की घाबरतात.

आता नळाचं. तीन आठवडे मी बंड्याला दर वेळी "हो रे बाबा केला बंद" करून उडवून लावत होते, एकदा तर खेकसले पण. एके रात्री परत विचारलं तेव्हा काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, नळ चालू राहिला तर काय होईल रे? तो म्हणाला, परत पूर येईल. म्हटलं नळाने? तर रडायलाच लागला. पुराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो मोरीतला नळ चालू ठेवून खेळायला गेला होता, ताई ओरडली होती, "सगळं घर बुडवशील एक दिवस". आणि पहाटे घर बुडलं. तीन आठवडे ते पोरगं सगळं चिपळूण आपण बुडवलं हे पोटात घेऊन फिरत होतं, आणि आम्ही म्हणत होतो की त्याला नळाचा नाद लागलाय.

पाच ते नऊ-दहा वर्षांच्या पोरांमध्ये हे फार कॉमन आहे, आपण केलं म्हणून झालं असं वाटणं. मी भांडलो म्हणून बाबा गेले, मी अभ्यास केला नाही म्हणून आजी आजारी पडली. त्यामुळे स्वतःहून एकदा सरळ विचारा, "हे कशामुळे झालं असं तुला वाटतं?" आणि उत्तर ऐकून हसू नका. मग खरं कारण त्याला कळेल असं समजवा. आम्ही परातीत मातीचा डोंगर केला, वाशिष्ठी काढली, शिव नदी काढली, वरून तांब्याने पाणी ओतलं आणि तिकडच्या टोकाला हात आडवा धरला, हा हात म्हणजे खाडीची भरती. पाऊस प्रचंड, वर डोंगर, खाली भरती, पाणी जाणार कुठे? मग त्याच परातीत नळाचा एक थेंब टाकून दाखवला. त्याने चार वेळा करून बघितलं. त्या दिवसानंतर नळाचं विचारणं बंद नाही झालं पण वीसवरून दोनतीनवर आलं.

रात्र

अंथरूण ओलं होणं परत सुरू झालं तर त्यावर शब्द नाही बोलायचा. मारणं, लाजवणं, भावंडांसमोर बोलणं, काहीही नाही. खाली प्लास्टिक, वर जुनी गोधडी, उशाला कोरडी चड्डी, ओलं झालं की दोन मिनिटांत बदलून परत झोपवा. "शरीर घाबरलंय, त्याचं त्याला कळेल" एवढं सांगितलं तरी पुरतं. रात्रीचं पाणी तोडू नका, फक्त झोपायच्या आधी एकदा जाऊन यायचं.

भयानक स्वप्नाने उठला तर आधी लाइट. मग तुमचं आणि त्याचं नाव, जागा, वार. "बंड्या, मी मावशी, आपण माझ्या घरी आहोत, आज बुधवार, बाहेर पाऊस आहे पण पाणी खाली नदीत आहे." रात्री स्वप्नाची चौकशी नाही करायची. सकाळी उजेडात, त्याची इच्छा असेल तर, ते स्वप्न कागदावर काढायचं आणि शेवट बदलायचा, त्याला हवा तसा. बंड्याच्या स्वप्नात मगर यायची. त्याने मगरीला एसटी काढून दिली, गुहागर गाडी, तिकीट पण काढलं तिचं. आठवडाभर रोज काढली तीच मगर तीच एसटी. हे काही माझं डोकं नाही, थेरपिस्ट लोक पण अशा रीतीने स्वप्नाचा शेवट बदलून घेतात.

झोपताना चिकटून झोपायचं असेल तर झोपू द्या हो. सवय लागेल म्हणून काही बायका लगेच वेगळं करतात. लागू दे, महिन्या-दोन महिन्यांनी हळूहळू सोडवा.

छातीत धडधड सुरू झाली तर

"दीर्घ श्वास घे" म्हटलं की पोरं खांदे वर करून हवा कोंबून घेतात आणि जास्तच घाबरी होतात. त्यापेक्षा गरम पेजेची वाटी समोर आहे असं समज आणि फुंकर मार, हळू, नाहीतर सांडेल. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांब झालं की धडधड कमी होते, बाकी काही गणित नाही. खरी पेज असेल तर अजून उत्तम. साबणाच्या पाण्याचे फुगे पण चालतात, मोठा फुगा यायला हळूच फुंकावं लागतं.

दुसरं, पाच-चार-तीन-दोन-एक. दिसणाऱ्या पाच गोष्टी सांग, हात लावता येतील अशा चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. आमच्याकडे चवीला कायम कोकम. हा खेळ शांत असतानाच आधी दहा वेळा खेळून ठेवा, ऐन भीतीत नवीन काही शिकवता येत नाही. पुराचा तो वास, कुजका चिखल आणि डिझेल मिसळलेला, तो आला की मोठ्यांच्या पण पोटात ढवळतं अजून, पोरांना नाकासमोर धरायला रुमालावर साबण चोळून दिला तरी फरक पडतो.

खेळ बघत जा

माझ्या वर्गातली एक मुलगी पुरानंतर रोज बाहुली बादलीत बुडवायची. रोज, एकाच प्रकारे, चेहऱ्यावर काही नाही. आजी घाबरली, म्हणाली पोरीला काहीतरी झालंय. पोरं जे झालं ते परत परत खेळून बघतात, त्यातूनच बऱ्याचदा मोकळी होतात, त्यामुळे खेळ बंद पाडू नका. पण आठवड्यानुआठवडे तोच खेळ, तोच शेवट, आणि खेळून झाल्यावर पोरगं हलकं व्हायच्या ऐवजी अजून कोमेजतं असं दिसलं तर आत शिरा. मी आजीला सांगितलं, तुम्ही फक्त शेजारी बसा आणि एक करवंटी सोडा बादलीत. दोन दिवस मुलीने करवंटीकडे बघितलं पण नाही. तिसऱ्या दिवशी बाहुली करवंटीत. मग हळूहळू त्यात भाकरीचा तुकडा, आजीचा चष्मा, शेजारचं मांजर. आजीचा चष्मा अजून बुडतोच अधूनमधून म्हणे.

मोठी पोरं, आठवी-नववीच्या पुढची, ती वेगळी. ती रडत नाहीत, उद्धट होतात. मोबाइलमध्ये डोकं, रात्री जागरण, बाइक जोरात, घरच्यांशी भांडण, नाहीतर एकदम शहाणी होऊन घराची सगळी जबाबदारी अंगावर घेतात आणि आपण कौतुक करत बसतो. या अतिशहाण्या मुलींकडे खास लक्ष ठेवा असं मी सांगेन, त्यांचं कोणी विचारतच नाही. त्यांना समोरासमोर बसवून लेक्चर नको, गाडीवर मागे बसवून बाजारात जाताना बोला.

आणि प्रत्यक्ष काही बघितलं नाही म्हणजे सुटलं असं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा तिथली काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यांनी दरड बघितली नाही, पण घर, माणसं, वाडी सगळंच गेलेलं. अशा पोरांच्या मनात मी का वाचलो हा प्रश्न असतो, आणि "देवाने तुला वाचवलं" म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, मग आईला का नाही.

घरातलं माणूस गेलं असेल तर

मेले, वारले, हाच शब्द वापरा, वापरायला कितीही जड गेला तरी. "झोपलेत" म्हटलं की पोरगं झोपायला घाबरतं. "गावाला गेलेत" म्हटलं की वाट बघतं, दारात बसतं. "देवाघरी" म्हणायचं असेल तर म्हणा पण सोबत हे पण सांगा की आता त्यांचं शरीर थांबलंय, त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येणार नाहीत. दहाव्याला, तेराव्याला पोराला लांब पाठवून देऊ नका, काय होणार आहे ते आधी सांगा आणि यायचं का ते त्याला विचारा, नको म्हणाला तर नको.

दृष्ट, अंगारा, भगत

यावर लोक मला हमखास विचारतात आणि शहरातले लेख वाचून वाटतं की हे सगळं बंदच करायला पाहिजे. माझं मत जरा वेगळं आहे. आजीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, अंगारा लावला, तर काढू द्या. आजी जवळ बसते, डोक्यावरून हात फिरवते, काहीतरी केलं असं सगळ्यांना वाटतं, यात वाईट काय? पण झाडणं म्हणून मारणं, धूर देणं, उपाशी ठेवणं, "हिला बाहेरचं लागलंय" असं पोरीच्या तोंडावर सांगणं, आणि डॉक्टरकडे नको असं म्हणणं, हे सुरू झालं की तिथून पोराला उचलायचं. मग कोणी कितीही जवळचं असो.

डॉक्टरकडे कधी

साधारण एक महिना धरा. महिना उलटला तरी दचकणं, स्वप्नं, पाऊस-नदी-ते घर टाळणं, शाळेत लक्ष नसणं तसंच आहे किंवा वाढतंय, तर घरचे उपाय पुरे, माणूस गाठायचा. आणि महिना थांबायचंच नाही अशा गोष्टी: खाणंपिणं बंद, बोलणंच बंद, समोर असून नसल्यासारखं, स्वतःला इजा करणं, "मी पण मेलो असतो तर बरं" असं बोलणं. हे ऐकलं तर विषय बदलू नका, सरळ विचारा, तुला मरावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात घातलं जात नाही. त्या पोराला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं, फिनेल, शेतातली फवारणीची बाटली कुलपात, आणि त्याच दिवशी डॉक्टर.

कुठे जायचं? आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, ते ओळखीचे असतात. मग जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. आमच्या रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय पण आहे, राज्यात अशी चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि हे. नाव ऐकून लोक दचकतात, पण तिथे ओपीडी असते, केसपेपर काढायचा, दाखवायचं आणि घरी यायचं. ते पण जमत नसेल तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. २०२१ ला हे नव्हतं, असतं तर माझे बरेच दिवस वाचले असते.

पोरांसाठी आघातावरची मुख्य ट्रीटमेंट बोलण्याची असते. एक प्रकार आहे ट्रॉमा फोकस्ड सीबीटी, साधारण १२ ते १६ सेशन, त्यात पोरगं आणि पालक दोघंही, आधी भीती आवरायला शिकवतात मग हळूहळू त्या आठवणीकडे नेतात. दुसरा ईएमडीआर, त्यात आठवण काढताना डोळे डावीउजवीकडे फिरवायला लावतात, बघायला विचित्र वाटतं पण मोठमोठ्या संस्था मान्य करतात. काउन्सेलरला बिनधास्त विचारा, तुम्ही लहान मुलांबरोबर काम केलंय का, आघाताचं ट्रेनिंग घेतलंय का. विचारल्यावर चिडला तर दुसरा बघा. आणि झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आणून पोराला देऊ नका, "अर्धीच देते" म्हणून पण नाही. पहिल्या महिन्यातल्या भीतीसाठी मुलांना असल्या गोळ्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

एक वेगळा विषय, थोडक्यात पण महत्त्वाचा. आघात पुराचा नसून माणसाने केलेला असेल, कोणी पोराला नको तसा हात लावला असेल, तर नियम बदलतात. पूर, दरड अशा वेळी पोरं निवारा केंद्रात, लोकांच्या घरी राहतात तेव्हा हा धोका वाढतो म्हणून इथेच लिहिते. पोराने सांगितलं तर विश्वास ठेवा, "बरं केलंस सांगितलंस" म्हणा, उलटतपासणी करू नका, चार जणांसमोर परत परत सांगायला लावू नका, आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका कारण पोक्सो कायद्याप्रमाणे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठीचा कायदा, २०१२ चा आहे, कळवणं बंधनकारक आहे. पोलीस किंवा १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

आणि तुमचं स्वतःचं काय? ताई पहिले दोन महिने पोरासमोर रडायची नाही, मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. पोराला नळाचा आवाज म्हणजे काय, वर सांगितलंच. रडलात तर रडा त्याच्यासमोर, "आईला घराची आठवण आली म्हणून रडू आलं, थोड्या वेळाने बरं वाटेल" असं सांगून. चहा करा. त्याला साखर घालायला सांगा.

पुढचा पाऊस

पुराला वर्ष होतं तो पहिला दिवस सगळ्यात वाईट जातो. जुलै आला की विझलेलं सगळं परत पेटतं, महिनाभर आधीच तयारी ठेवा. उन्हाळ्यात, नदीला पाणी कमी असताना, पोराला घेऊन नदीवर जायला सुरुवात करा. पहिल्यांदा फक्त पुलावरून गाडीवर. मग थांबून. मग खाली उतरून. मग पाय पाण्यात. प्रत्येक पायरीला तो कंटाळेपर्यंत थांबायचं, कंटाळा आला म्हणजे भीती गेली असं समजा. ढकलायचं नाही, चॅलेंज द्यायचं नाही, आणि रडला म्हणून धावत घरी पण आणायचं नाही, तिथेच जरा बसा, फुंकर मारा, शांत झाला की निघा.

मग त्याला आकडे द्या. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोक्याची ७ मीटर. बंड्या पावसात रोज माझ्या मोबाइलवर पातळी बघतो आणि त्याच कॅलेंडरच्या मागे लिहितो, तीन पॉइंट दोन, तीन पॉइंट आठ. आधी मला वाटलं याने भीती वाढेल. वाढली नाही, कारण आता प्रत्येक पावसाला घाबरायची गरज नाही, पाचच्या वर गेलं की घाबरायचं हे त्याला माहिती आहे.

पाणी पाच मीटरला आलं की काय करायचं ते पण भिंतीवर लिहिलंय. वर जायची बॅग दाराच्या मागे खुंटीला, त्यात टॉर्च, सेल, कागदपत्रं दोन पिशव्यांत गुंडाळून, ताईची बीपीची गोळी, चिवडा, पाण्याच्या बाटल्या, पत्ते. कोणी काय उचलायचं ते ठरलेलं, मांजर बंड्याकडे. आता तो सातवीत आहे, आवाज फुटलाय, मला उलट उत्तरं देतो. मागच्या आठवड्यात बॅग तपासायला काढली तर तळाशी एक जास्तीची पिशवी, गाठ मारलेली, त्यात तीन जोड चपला.

फ्रिजवर मात्र हल्ली काही नसतं, धूळ असते.